पाहुण्यांच्या खोल्यांसाठी गरम पाणी: लाकडाची भट्टी दुरुस्त करावी की हीट पंप बसवावा?

पोफळीची_सावली

नमस्कार. आंजर्ले परिसरात, समुद्रापासून सुमारे ३०० मीटरवर आमचे घर आणि वाडी आहे. घराच्या मागच्या अंगाला सहा खोल्या बांधून आम्ही पाहुण्यांच्या राहण्या-जेवणाची सोय करतो. या खोल्यांना गरम पाणी मिळावे म्हणून वडिलांनी न्हाणीघरामागे विटांची भट्टी बांधून घेतली होती. भट्टीवर लोखंडी टाकी आहे, खाली लाकडे जळतात आणि नळीवाटे पाणी खोल्यांत जाते. यंदा पाऊस सरल्यावर पाहिले, तर टाकीचा तळ गंजून पातळ झाला आहे आणि धुराड्यालाही भेग गेली आहे.

दुरुस्तीला साधारण ४० हजार रुपये लागतील. प्रत्येक खोलीत एक याप्रमाणे सहा गीझर बसवले तर ५५ हजारांच्या आसपास खर्च येईल. तिसरा मार्ग ३०० लिटरच्या हीट पंपाचा असून त्याचे कोटेशन मला १ लाख ८५ हजारांचे मिळाले आहे. कॅनडात राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीने जुनी फर्नेस काढून घरासाठी हीट पंप घेतला आणि ती समाधानी आहे, म्हणून हा विचार माझ्या मनात आला. तिथले गणित इथे लागू पडते का, हे मला समजून घ्यायचे आहे.

सगळ्या खोल्या भरलेल्या असतात तेव्हा १६ माणसे असतात आणि भट्टीला दिवसाला २० ते २५ किलो लाकूड लागते. निम्मे जळण वाडीतल्या झावळ्या, नारळाची सोडणे (वाळक्या साली) आणि वाळक्या फांद्यांतून निघते, निम्मे विकत घ्यावे लागते. वर्षाकाठी खोल्या पूर्ण भरल्याचे दिवस एकत्र केले तर ते साधारण १४० भरतात. किनाऱ्यावर कोणी हीट पंप वापरला असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

मूळगाव_चिपळूण

मी गेली अनेक वर्षे ओंटारिओत राहतो आणि तुमच्या बहिणीप्रमाणे हा निर्णय मलाही घ्यावा लागला होता, म्हणून इथली बाजू आधी मांडतो.

इथे फर्नेस म्हणजे बहुधा तळघरात बसवलेले, नैसर्गिक वायू जाळून हवा तापवणारे यंत्र. ती गरम हवा पंख्याच्या जोराने पत्र्याच्या नळांतून घरभर जाते. जुन्या फर्नेसमध्ये वायूतली सुमारे ८० टक्के उष्णता घराला मिळे. धुरातली वाफ पुन्हा पाणी करून तिचीही उष्णता वापरणाऱ्या नव्या फर्नेसमध्ये हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या पुढे जाते. पण जाळलेल्या इंधनात जेवढी उष्णता आहे, तिच्यापेक्षा अधिक देणे कोणत्याही भट्टीला शक्य नाही.

हीट पंप उष्णता निर्माण करत नाही. ती बाहेरच्या हवेतून गोळा करून आत आणतो, म्हणजे घरातला फ्रिज उलटा लावल्यासारखे त्याचे काम चालते. विजेचे एक युनिट खर्च करून तो दोन, तीन, कधी चार युनिट उष्णता देऊ शकतो. मात्र बाहेरची हवा जितकी थंड, तितके हे गुणोत्तर खाली येते. उणे २० अंशांत चांगले यंत्रही दीड ते दोनच्या आसपास असते, शिवाय बाहेरच्या जाळीवर साचलेला बर्फ वितळवण्यासाठी त्याला मधूनमधून उलटे चालावे लागते. त्यामुळे इथे पुष्कळ लोक हीट पंप बसवूनही कडाक्याच्या थंडीसाठी फर्नेस ठेवतात. वायू स्वस्त आणि वीज महाग असलेल्या प्रांतांत तर नुसत्या पैशांच्या हिशेबावर फर्नेसच सरस ठरते.

तुमच्याकडे यातली मुख्य अडचणच नाही. किनाऱ्यावर जानेवारीच्या पहाटेही पारा क्वचितच १५ अंशांखाली जातो आणि दिवसा हवा ३० अंशांच्या आसपास असते. हीट पंपाला याहून सोयीची हवा मिळणे कठीण आहे. बर्फ वितळवण्याचा प्रश्न नाही आणि हवेत बाष्प भरपूर असल्याने यंत्राला त्या बाष्पातलीही उष्णता मिळते. घर तापवण्याची गरज कोकणात नाही, परंतु पाणी तापवण्यासाठी हेच तत्त्व तिथे अधिक चांगले चालेल असे मला वाटते.

आकडेमोड

तत्त्व बरोबर आहे, पण खर्चाचा निर्णय किती पाणी आणि किती दिवस यांवर ठरतो. तो हिशेब असा आहे.

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ वॅट-तास ऊर्जा लागते. विहिरीचे पाणी २६ अंश आणि अंघोळीचे ४१ अंश धरले तर वाढ १५ अंशांची झाली. माणशी ४० लिटर धरल्यास १६ माणसांना ६४० लिटर पाणी लागेल, म्हणजे सुमारे ११ युनिट उष्णता. स्वयंपाकघर, चादरींची धुलाई आणि नळांतून वाया जाणारी उष्णता मिळून आणखी ४ युनिट धरू. एकूण १५ युनिट झाले. गीझरला तेवढीच वीज लागेल. हीट पंपाचे गुणोत्तर ३ धरले तर त्याला ५ युनिट पुरतील. दिवसाला १० युनिट वाचले आणि युनिटचा दर १२ रुपये धरला, तर १२० रुपयांची बचत झाली.

१४० दिवसांचे १६,८०० रुपये होतात. गीझरपेक्षा हीट पंपाला १ लाख ३० हजार जास्त मोजायचे आहेत, म्हणजे ती रक्कम वसूल व्हायला पावणेआठ वर्षे लागतील. आता मला एक विचारायचे आहे. या १४० दिवसांत मे महिन्याचे किती दिवस आहेत? मे महिन्यात आमच्याकडे येणारे पाहुणे गार पाण्यानेच अंघोळ करतात. ते दिवस वजा केले तर हिशेब दहा वर्षांच्या पलीकडे जाईल आणि खाऱ्या हवेत यंत्र तेवढे टिकेल का, याची मला शंका आहे.

पोफळीची_सावली

आपला प्रश्न रास्त आहे. १४० पैकी ३५ ते ४० दिवस मे महिन्यातलेच आहेत आणि त्या दिवसांत गरम पाण्याचा खप निम्म्याहून कमी असतो, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

माजघर

वरची सर्व चर्चा मी दोनदा वाचली. तिच्यात एक खर्च कोणीच धरलेला नाही.

मुरुडजवळ आमच्याकडेही अशीच सोय आहे आणि सकाळी साडेपाचला भट्टी पेटवण्याचे काम बारा वर्षे मी केले आहे. पाहुण्यांना सहाला पाणी हवे असेल तर कोणाला तरी पाचला उठावे लागते. आगोटीच्या आधी लाकडे फोडून पडवीत रचावी लागतात आणि तरीही श्रावणापर्यंत त्यांना ओल धरतेच. ओले लाकूड पेटत नाही, नुसते धुमसते, आणि तो धूर डोळ्यांत व छातीत जातो. माझ्या सासूबाईंना अखेरच्या वर्षांत दम्याचा त्रास होता. डॉक्टरांनी चुलीच्या धुराचा संबंध स्पष्टपणे सांगितला, तेव्हा घरातल्या पुरुषांना त्याचे गांभीर्य कळले. विकतच्या लाकडाचा भाव आपण हिशेबात धरतो, पण भट्टीपुढे रोज बसणाऱ्या माणसाचे दोन तास आणि त्याची छाती धरत नाही.

घरच्या पाच माणसांच्या अंघोळीसाठी तांब्याचा बंब मी आजही वापरते आणि तो मोडीत काढावा असे मी म्हणणार नाही. त्याला चार करवंट्या आणि दोन पिढे (झावळीचे वाळके देठ) पुरतात, तो लवकर तापतो आणि वाडीतला पालापाचोळाही मार्गी लागतो. सोळा माणसांचे पाणी मात्र वेगळी गोष्ट आहे. त्यासाठी विकत घेतलेले लाकूड कोणाच्या तरी रानातले ऐन-किंजळ तोडून आलेले असते, याचाही विचार व्हावा.

एक सूचना आणखी करते. धूर नको म्हणून कोणी बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर लावत असेल तर त्याने तसे कदापि करू नये. हवा खेळती नसेल तर कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसल्यामुळे माणसाला सावध होण्यास वेळच मिळत नाही. असा गीझर लावायचाच असेल तर तो बाहेरच्या भिंतीवर लावावा.

गारवा_वेंगुर्ला

मी सिंधुदुर्गात एसी, फ्रिज आणि अलीकडे हीट पंप दुरुस्तीचे काम करतो. आकडेमोड यांनी आयुष्याची शंका घेतली आहे, ती योग्यच आहे. यंत्रांची पुस्तके कोरड्या, स्वच्छ हवेचा विचार करून लिहिलेली असतात. समुद्राच्या तोंडावर पश्चिमेकडे लावलेल्या एसीच्या बाहेरच्या भागाची अॅल्युमिनियमची पाती चार-पाच वर्षांत पांढऱ्या भुकटीसारखी झडलेली मी नेहमी पाहतो. पाती झडली की उष्णता घेण्याचे काम मंदावते, कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि वीज वाढते. त्यानंतर तांब्याच्या नळीला बारीक छिद्र पडून गॅस निघून जातो. हीट पंपाचे अवयव तेच असल्यामुळे त्याची गतही तीच होते.

हे टाळता येते, पण यंत्र घेण्यापूर्वी काळजी घ्यावी लागते. पात्यांवर क्षार रोखणारा लेप आहे का आणि खोका गंजणाऱ्या पत्र्याचा तर नाही ना, हे लेखी विचारून घ्यावे. यंत्र घराच्या पूर्वेच्या अंगाला, वाऱ्याच्या आडोशाला बसवावे. माडाखाली मुळीच बसवू नये. पाऊस नसेल त्या काळात दर पंधरा दिवसांनी पाती गोड्या पाण्याने, दाब कमी ठेवून धुवावीत. पावसाळ्यात प्लॅस्टिकने गुंडाळून यंत्र चालवू नये, कारण आत कोंडलेली ओल बाहेरच्या पावसापेक्षा जास्त नुकसान करते.

टाकीबद्दलही सांगणे आवश्यक आहे. जांभ्यातल्या विहिरीचे पाणी बहुधा मृदू, किंचित आम्ल आणि पुष्कळदा लोहयुक्त असते. त्याने पांढरा थर फारसा धरत नाही, पण साधी लोखंडी टाकी ते खाते. तुमच्या भट्टीच्या टाकीचा तळ याच कारणाने गेला असण्याची शक्यता मोठी आहे. आतून काचेचा लेप असलेली टाकी घेतल्यास तिच्यातली मॅग्नेशियमची कांडी दरवर्षी तपासावी. टाकीऐवजी स्वतः झिजणे हेच तिचे काम आहे. एप्रिल-मेमध्ये विहीर मचूळ होत असेल तर स्टेनलेस स्टीलच्या ३०४ प्रतीलाही क्षारांमुळे खड्डे पडतात, तेव्हा ३१६ प्रत मागावी.

शेवटचा मुद्दा विजेचा. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, अर्थिंग नीट लागत नाही, कारण कातळ विजेला वाट देत नाही आणि उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो. अर्थिंग तपासल्याशिवाय आणि विजेच्या लोळापासून बचाव करणारे साधन लावल्याशिवाय महागडा सर्किट बोर्ड जोडू नये. त्या बोर्डाच्या खोक्याच्या फटीही जाळी लावून बंद कराव्यात. पाल आत शिरून बोर्ड जळाल्याच्या तक्रारी माझ्याकडे दरवर्षी येतात.

कातळशिल्प_प्रेमी

सौर बंबाचा विचार केला आहे का? चालवायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

पोफळीची_सावली

केला होता. आमच्या छपरावर माडांची सावली दुपारी दोननंतर येते आणि जून ते सप्टेंबर ऊन मिळत नाही. पावसात फिरायला येणारे पाहुणेच गरम पाणी सर्वांत जास्त मागतात, त्यामुळे त्या चार महिन्यांसाठी दुसरी सोय ठेवावीच लागेल. आणखी एक चिंता म्हणजे ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ. त्यानंतर आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. त्या दिवसांत भट्टी होती म्हणून आमचे निभावले. सर्व काही विजेवर सोपवणे मला धाडसाचे वाटते.

मूळगाव_चिपळूण

इथेही हा प्रश्न दरवेळी निघतो. जानेवारी १९९८ मध्ये पूर्व ओंटारिओ आणि क्वेबेकमध्ये बर्फाचे वादळ झाले. तारांवर बर्फ साचून खांब कोसळले आणि काही भागांत आठवडे उलटून गेले तरी वीज आली नव्हती. तेव्हा लोकांच्या लक्षात आले की वायूवर चालणारी फर्नेससुद्धा विजेशिवाय बंद पडते, कारण तिचा पंखा विजेवर फिरतो. ज्यांच्याकडे लाकडाची शेगडी होती, तेच उबेत राहिले. म्हणून माझे मत असे आहे की संकटकाळाची सोय आणि रोजची सोय यांचा विचार वेगवेगळा करावा. संकटाच्या दहा दिवसांसाठी घरचा बंब पुरेसा आहे, त्यासाठी सोळा माणसांची भट्टी वर्षभर पेटती ठेवण्याची गरज नाही.

आकडेमोड

या मुद्द्यामुळे माझा हिशेब मी पुन्हा तपासला आणि त्यात मोठी त्रुटी सापडली. मी केवळ युनिट मोजले, एका वेळी पडणारा भार मोजला नाही.

पाहुणे सकाळी सात ते आठच्या दरम्यान एकाच वेळी अंघोळीला जातात. २ किलोवॅटचे सहा गीझर एकदम चालू झाले की १२ किलोवॅटचा भार पडतो. तुमची जोडणी सिंगल फेज असेल तर ती हे पेलणार नाही, मंजूर भार वाढवून थ्री फेज घ्यावी लागेल. गावाच्या टोकाला आधीच कमी असलेला विजेचा दाब आणखी उतरेल आणि त्याच वेळी विहिरीवरचा पंपही अडखळेल. वीज गेली तर हे सहा गीझर चालवण्यासाठी मोठा जनरेटर लागेल.

३०० लिटरचा हीट पंप मात्र एक ते सव्वा किलोवॅटमध्ये चालतो आणि तो केव्हा चालवायचा हे आपल्या हातात असते. तो ५ केव्हीएच्या जनरेटरवरही चालेल. निसर्गसारख्या काळात दिवसातून साडेतीन तास जनरेटर लावला तरी टाकी भरून तापते. त्यामुळे वादळाच्या दृष्टीने पाहिले तर सहा गीझर सर्वांत दुबळे आहेत. थ्री फेज जोडणी, तारा आणि जनरेटर यांचा वाढीव खर्च गीझरच्या ५५ हजारांत मिळवला, तर दोन्हींतले अंतर निम्म्यावर येईल असा माझा अंदाज आहे. माझे आधीचे मत मी मागे घेतो.

दोन गोष्टी मात्र पक्क्या ध्यानात ठेवा. ५५ अंशांची ३०० लिटर टाकी २६ अंशांच्या पाण्यात मिसळली की ४१ अंशांचे साधारण ५८० लिटर पाणी मिळते, म्हणजे चौदा माणसांच्या अंघोळी. ती टाकी रिकामी झाल्यावर पुन्हा तापायला तीन तासांहून अधिक वेळ लागतो. बटण दाबून लगेच पाणी मिळणार नाही. म्हणून टाकी दुपारी, हवा सर्वांत गरम असताना भरून ठेवावी आणि पहाटे थोडी पुन्हा तापवावी. पुढे छपरावरच्या सावलीरहित भागात सौर पॅनेल बसवलीत, तर दुपारची ही वीज घरचीच असेल. दुसरे असे की, बहुतेक हीट पंपांत मदतीसाठी साधी विजेची कॉइल असते. तिचे बटण वेगळे ठेवून ते बंदच ठेवा, नाहीतर यंत्र घाईच्या वेळी कॉइलवर चालेल आणि बचत नाहीशी होईल. आठवड्यातून एकदा टाकी ६० अंशांपर्यंत नेण्यासाठी ती वापरावी. कोमट, साचलेल्या पाण्यात वाढणारे जंतू त्यामुळे मरतात.

पोफळीची_सावली

सर्वांचे मनापासून आभार. माजघर ताईंचा प्रतिसाद मी घरी मोठ्याने वाचून दाखवला. आमची भट्टी माझी आई आणि कामाला येणाऱ्या एक वहिनी पेटवतात. दुरुस्तीच्या ४० हजारांत त्यांचे कष्ट मी कधी मोजलेच नव्हते, हे मला मान्य करावे लागेल.

भट्टी दुरुस्त न करता हीट पंप घ्यायचा आणि घरचा बंब संकटासाठी ठेवायचा, असे आम्ही ठरवत आहोत. जागेबद्दल आईने एक प्रश्न काढला आहे. घराच्या पूर्वेला आमची कोठीची खोली आहे, साधारण १२ फूट लांब आणि १० फूट रुंद. तिथे सुपारी, आमसुले, पापड आणि पोहे ठेवतो, आणि पावसाळ्यात सर्वांना बुरशी येते. हीट पंप थंड आणि कोरडी हवा बाहेर टाकतो असे म्हणतात. यंत्र त्या खोलीतच बसवले तर कोठी कोरडी राहील का?

गारवा_वेंगुर्ला

आईंचा प्रश्न फार उपयुक्त आहे. यंत्राच्या जाळीवर हवेतले बाष्प पाणी होऊन गळते, त्यामुळे खोलीतली ओल खरोखरच कमी होते. शिवाय यंत्र आत असल्याने खारा वारा त्याच्यापर्यंत थेट पोहोचत नाही, हा मोठा लाभ आहे.

अडचण खोलीच्या आकाराची आहे. १२ बाय १० ची खोली पूर्ण बंद ठेवली तर तासाभरात आतली हवा गार होईल आणि गुणोत्तर खाली येईल. म्हणून पावसाळ्यात दार थोडे उघडे ठेवून ते माजघराच्या बाजूला उघडेल असे करावे. बाहेरच्या बाजूला उघडल्यास पावसाळी हवा सतत आत येत राहील. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात पूर्वेच्या भिंतीला वर आणि खाली झरोके ठेवून ते उघडावेत. गार हवेचा झोत थेट पोत्यांवर येऊ देऊ नये. ती हवा कोरडी वाटली तरी गार असते आणि थंड पडलेल्या डब्यांवर नंतर दमट हवेतली ओल धरते. भिंत आणि सामान यांत हातभर अंतर सोडावे.

यंत्रात आर-२९० गॅस असेल तर तो प्रोपेन आहे आणि ज्वलनशील आहे. असे यंत्र बंद कोठीत ठेवू नये, बाहेरच आडोशाला ठेवावे. कोटेशनवर गॅसचे नाव नसेल तर पैसे देण्यापूर्वी विचारून घ्या. गळणाऱ्या पाण्याची नळी उतार देऊन पोफळीच्या आळ्यात सोडा. पावसाळ्यात ते पाणी दिवसाला काही लिटर निघते आणि नळी तुंबली तर सगळे कोठीच्या जमिनीवर येते.

पोफळीची_सावली

कोटेशन पुन्हा पाहिले. त्यावर गॅसचे नाव नाही आणि पात्यांच्या लेपाचाही उल्लेख नाही. दोन्ही गोष्टी आजच लेखी मागितल्या आहेत. उत्तर आले की इथेच कळवतो.